अधिकारातील आपुलकी : कै. चिंतामणराव देशमुख

घराच्या उंबरठ्याच्या आत आपण जो माणूस असतो, तोच कचेरीच्या उंबरठ्याच्या आतही राहतो काय, हा प्रश्न नोकरीचाकरी करणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने अधूनमधून स्वतःला विचारून पाहण्यासारखा आहे. आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीला तर तो विशेषच लागू पडतो. बाळाजी आवजी चिटणीसांच्या काळापासून लेखणी आणि दप्तर हे आपल्या अनेक घराण्यांच्या उपजीविकेचे साधन राहिले आहे. पण पुष्कळदा असे दिसते की, घरी प्रेमळ, मित्रमंडळीत रसिक आणि देवघरात श्रद्धाळू असणारा मनुष्य खुर्चीवर बसला की अगदी निराळा होतो. समोर आलेल्या माणसाकडे मान वर करून पाहण्याचेही त्याला सुचत नाही. कचेरी ही कामापुरती जागा. ममता, छंद, सदसद्विवेक हे सारे बाहेर ठेवून आत यावयाचे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे हे ज्यांच्या आयुष्याने दाखवून दिले, त्यांत कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते आपल्याच जिल्ह्याचे व आपल्याच ज्ञातीचे. रामवाडी, पेण आणि रोहे या परिसरातील सभासद-कुटुंबांतील मुलांना त्यांचे नाव ठाऊक असते ते बहुधा रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून. परंतु त्या पदावर बसलेला माणूस कसा होता आणि आपल्या स्वभावातील कोणते गुण त्याने कामाच्या जागी नेले, हे समजून घेतल्याखेरीज त्या नावाचा खरा उपयोग आपणांस होणार नाही.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते, आणि मातोश्री भागीरथीबाई या धर्मपरायण गृहिणी होत्या. बालपण कुंडलिकेच्या काठी रोह्यास गेले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेस बसले, त्या वेळच्या मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. कोकणातील आडगावचा मुलगा इलाख्यात पहिला येतो, या गोष्टीचे त्या काळी केवढे अप्रूप वाटले असेल, याची आज कल्पना करणेही कठीण आहे.

१९१५ साली ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी निवडलेले विषय लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पुढे ज्यांच्या हातात देशाची तिजोरी यावयाची होती, त्यांनी त्या वयात अर्थशास्त्र घेतले नव्हते. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९१७ साली त्यांनी निसर्गविज्ञानाची परीक्षा उत्तीर्ण केली व वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले. झाडापानांची ही आवड त्यांनी परीक्षेबरोबर गुंडाळून ठेवली नाही. बागकाम हा त्यांचा जन्मभराचा छंद झाला. रोप लावावे, त्याला काय मानवते ते पाहावे, घाई करू नये आणि फळ कोणाच्या हाती पडेल याची चिंता करू नये, ही माळ्याची वृत्ती त्यांच्या पुढील सर्व कामांत दिसून येते.

१९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. त्या सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. तरुण चिंतामणरावांच्या मनात द्वंद्व उभे राहिले होते : परक्या सरकारची चाकरी पत्करावी, की ती लाथाडून देशकार्यात उडी घ्यावी? त्यांनी लोकमान्यांची भेट घेऊन आपली शंका त्यांच्यापुढे ठेवली. स्वराज्य आल्यावर राज्य चालविण्यास अनुभवी माणसे लागतील, तेव्हा हा अनुभव आज पदरी पाडून घ्यावा, अशा आशयाचा सल्ला लोकमान्यांनी दिला. त्या सल्ल्याने चिंतामणरावांच्या नोकरीला एक हेतू मिळाला. पगारासाठी कचेरीत जाणारा मनुष्य आणि उद्याच्या कामाची तयारी म्हणून कचेरीत जाणारा मनुष्य, या दोघांचे टेबल एकाच लाकडाचे असले तरी त्यांचा दिवस एकसारखा जात नाही.

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. तेथे त्यांनी उपआयुक्त म्हणून व जमाबंदी अधिकारी म्हणून काम केले. जमाबंदीचे काम म्हणजे जमिनीची प्रत ठरवून तिच्यावर किती सारा बसवावयाचा हे निश्चित करणे. दप्तरात बसून पाहिले तर ते केवळ आकड्यांचे कोष्टक. परंतु त्या कोष्टकातील एकेक रकाना म्हणजे एकेका कुणब्याच्या घरातील पुढील कित्येक वर्षांची भाकरी असते. आकड्यामागे माणूस असतो, हा धडा ज्याला एकदा कळला तो पुढे कितीही मोठ्या खुर्चीवर बसला तरी विसरत नाही. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी लंडनमध्ये चिटणीस कार्यालयात काम केले. त्यानंतर मध्यप्रांत सरकारचे अर्थसचिव असताना, प्रांताच्या आर्थिक मागण्यांसंबंधी त्यांनी सर ओटो नीमायर यांच्या चौकशीसाठी तयार केलेले निवेदन जाणत्यांच्या वाखाणणीस पात्र ठरले. अंगावर आलेले काम पूर्ण समजून घेतल्याशिवाय त्यावर मत द्यावयाचे नाही, हा त्यांचा नेम होता. वरिष्ठांचा वेळ आणि कनिष्ठांचे श्रम या दोहोंचा आदर करण्याचा याहून चांगला मार्ग कचेरीत दुसरा नाही.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. ही बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली होती, आणि तोवर तिच्या गव्हर्नरपदी हिंदी माणूस बसला नव्हता. चिंतामणराव प्रथम सरकार व बँक यांमधील संपर्क अधिकारी, मग मध्यवर्ती मंडळाचे चिटणीस, १९४१ च्या डिसेंबरपासून डेप्युटी गव्हर्नर, अशा पायऱ्या चढत गेले. गव्हर्नर सर जेम्स टेलर १९४३ साली निवर्तले, आणि त्याच वर्षी ११ ऑगस्ट रोजी ते पद चिंतामणरावांकडे आले. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. महागाई भडकली होती आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. अशा वेळी एका हिंदी माणसावर ही जबाबदारी आली. त्यात यश आले तर ते देशाचे, आणि चूक झाली तर हिंदी माणसाला हे जमत नाही असे म्हणावयास सगळे मोकळे, अशी अवघड परिस्थिती होती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची उभारणी करणारी परिषद भरली. तेथे गेलेल्या हिंदी शिष्टमंडळात चिंतामणराव होते. देश अद्याप परतंत्र होता. तरीही गरीब राष्ट्रांची गरज ही केवळ युद्धाने मोडलेले देश पुन्हा उभारण्याहून निराळी आहे, हा मुद्दा या शिष्टमंडळाने आग्रहाने मांडला. पुढे १९५० साली पॅरिस येथे या दोन्ही संस्थांची संयुक्त वार्षिक सभा झाली, तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते.

फाळणीच्या वेळचे काम तर त्यांच्या समतोल बुद्धीची कसोटीच होती. दोन नवी राज्ये, चोहीकडे रक्तपात, मनामनांत संशय. आणि चलन मात्र काही काळ एकाच बँकेने सांभाळावयाचे. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही राज्यांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहिले. दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच लेखणीने लिहावयाचा तर ती लेखणी धरणाऱ्या हातावर किती ताण येत असेल! आपल्या रोजच्या कचेरीतही दोन भांडणाऱ्या पक्षांचे कागद एकाच टेबलावर येतात. त्या वेळी दोघांनाही सारखा न्याय देणे हीच तेथील माया होय. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. मालकी बदलली, पण कारभाराची घडी विस्कटली नाही. बँकेत संशोधन व आकडेवारी यांचे स्वतंत्र काम उभे राहिले आणि जानेवारी १९४७ पासून बँकेचे मासिक पत्रक निघू लागले, हेही त्यांच्याच कारकिर्दीत. ३० जून १९४९ रोजी ते या पदावरून निवृत्त झाले.

त्यानंतर पंडित नेहरूंनी त्यांना १९५० साली नियोजन मंडळावर घेतले आणि त्याच वर्षी डॉ. जॉन मथाई यांच्या जागी अर्थमंत्री केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. ज्या रोह्यात त्यांनी धुळाक्षरे गिरविली, तेथील लोकांचे प्रतिनिधी म्हणून ते आता संसदेत बसत होते. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. तिने पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडाव्यात असे कायद्यानेच ठरले, आणि बँकेचा दरवाजा शहरी पेढ्यांच्या पलीकडे तालुक्याच्या गावांकडे उघडला. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला, तेव्हा आकाशवाणीवरून देशाला त्याची कारणे समजावून सांगणारे तेच होते. काही विमा कंपन्यांच्या गैरकारभारामुळे पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्या सामान्य माणसाची पुंजी धोक्यात येत होती. त्याला धीर देणे ही त्या भाषणामागील जबाबदारी होती.

आता त्यांच्या आयुष्यातील त्या प्रसंगाकडे वळू, ज्यावरून त्यांच्या साऱ्या गुणांची खरी पारख होते. जानेवारी १९५६ मध्ये केंद्र सरकारने मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. मुंबईत उद्रेक झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. चिंतामणराव अर्थमंत्री होते; आंदोलन करणे हा त्यांचा पिंड नव्हता. चाळीस वर्षे त्यांनी शिस्तीत, कागदावर, मोजक्या शब्दांत काम केले होते. तरीही त्यांनी राजीनामा दिला. तो काही महिने तसाच राहिला आणि जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. लोकसभेत त्यांनी आपली भूमिका शांतपणे मांडली : हा निर्णय ज्या पद्धतीने घेण्यात आला ती पद्धत त्यांना मान्य नव्हती, आणि गोळीबाराची चौकशी व्हावयास हवी असे त्यांचे म्हणणे होते. त्यात आदळआपट नव्हती, तसेच पुढे काय मिळेल याचा हिशेबही नव्हता. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला. त्या यशात हजारोंचा वाटा आहे. पण सत्तेच्या ऐन शिखरावरून एक अबोल माणूस आपणहून खाली उतरला, याचा परिणाम मराठी मनावर खोल झाला.

चिंतामणराव हे मोकळेढाकळे, थट्टामस्करी करणारे, खांद्यावर हात टाकणारे गृहस्थ नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. ते संकोची होते. प्रथम भेटणाऱ्याला ते रुक्षही वाटत. म्हणूनच त्यांचे उदाहरण आपणांस अधिक मोलाचे आहे. कामाच्या जागी आपुलकी दाखवावयाची तर स्वभाव बोलका हवा, हसतमुख हवा, असे आपण समजतो. आणि ज्यांचा स्वभाव तसा नाही ते हा गुण आपल्यासाठी नव्हे म्हणून सोडून देतात. चिंतामणरावांची आपुलकी त्यांच्या कामात उतरली होती. जो माणूस समोर नाही, ज्याला आपला कागद उद्या भोगावा लागणार आहे, त्याचा विचार ते कागदावर सही करण्यापूर्वी करीत. तो कुणबी असेल, विमेदार असेल, किंवा गोळीबारात घरचा कर्ता गमावलेले मुंबईतील एखादे कुटुंब असेल.

मंत्रिपद गेल्यावर त्यांनी हाती घेतलेल्या कामांवरूनही हेच दिसते. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. प्राध्यापकांचे वेतन सुधारावे, महाविद्यालयांना ग्रंथालये व वसतिगृहे मिळावीत, यासाठी मंडळाने त्या वर्षांत पुष्कळ काम केले. १९५९ साली शासकीय सेवेसाठी असलेले रॅमन मॅगसेसे पारितोषिक त्यांना मिळाले. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या विद्यापीठात १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले. दिवसा कारकुनी करणाऱ्या, संसाराचे ओझे उचलणाऱ्या, वर्गात येऊन बसणे ज्यांना शक्यच नव्हते अशा स्त्रीपुरुषांना पदवीची वाट त्यामुळे मोकळी झाली.

हैदराबादच्या प्रशासकीय अधिकारी महाविद्यालयाशी त्यांचा संबंध तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. १९५९ पासून १९७३ पर्यंत ते त्या संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. इंग्लंडमधील हेन्ली येथील महाविद्यालयाच्या धर्तीवर ही संस्था निघाली. सरकारी खाती, सरकारी कारखाने आणि खाजगी कंपन्या यांतील अनुभवी अधिकारी तेथे एकत्र येत, लहान लहान गटांत बसत आणि एकमेकांच्या अनुभवातून शिकत. गटाचे नेतृत्व आळीपाळीने सर्वांकडे येई. जो आपल्या कचेरीत हुकूम सोडी, त्याला येथे दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय करावी लागे. अधिकारी जन्मावा लागतो असे नाही, घडवावाही लागतो. आणि घडविताना प्रथम त्याला ऐकावयास शिकवावे लागते, हे या पद्धतीचे मर्म होते.

त्यांच्या गृहस्थाश्रमाचा उल्लेखही येथे अप्रस्तुत होणार नाही. त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना या इंग्रज होत्या. १९४९ साली त्या निवर्तल्या. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दुर्गाबाई स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसलेल्या, घटना समितीवर काम केलेल्या, आंध्र महिला सभेच्या संस्थापिका आणि नियोजन मंडळाच्या सदस्या होत्या. एकत्र काम करता करता दोघांचा परिचय झाला होता. त्याच वर्षी दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पत्नीचे कार्य आपल्या कार्याच्या बरोबरीचे मानणारा पती, ही त्या पिढीत विरळा आढळणारी गोष्ट होती.

संस्कृतचा व्यासंग त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. रिझर्व्ह बँकेच्या व्यापातही त्यांना कालिदासासाठी वेळ मिळे; मेघदूताचे त्यांनी मराठीत पद्यमय भाषांतर केले, आणि स्वतः संस्कृतात काव्यरचनाही केली. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष होते. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी ते उभे राहिले, पण त्यांना यश आले नाही. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांनी देह ठेवला. रोह्यातील वाणिज्य महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वाचकहो, या चरित्रातील पदांची यादी आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्यास येईल. परंतु त्यातील गुण मात्र कोणालाही उचलता येण्याजोगे आहेत. रामवाडीस एस. टी. च्या रायगड विभागाचे कार्यालय आहे. महामार्गावरून येणाजाणाऱ्या हजारो माणसांचा दिवस चांगला जाणे किंवा वाईट जाणे, हे तेथील एखाद्या वेळापत्रकावर आणि एखाद्या वाहकाच्या दोन शब्दांवर अवलंबून असते. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत हंगामाच्या दिवसांत रात्री जागून रंग देणारे हात आहेत. त्यांची मजुरी वेळेवर हातात पडणे ही मालकाची आपुलकी होय. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगाराची सुरक्षितता वरच्या अधिकाऱ्याने मनापासून पाहणे, हीही तीच. बँकेत, शाळेत, तहसील कचेरीत, इस्पितळात आपल्या ज्ञातीची मुलेमुली काम करीत आहेत. त्यांतील जो बोलका असेल त्याने गोड बोलावे. जो अबोल असेल त्याने चिंतामणरावांप्रमाणे आपले काम पुरते जाणून, कोणाचेही हित न दुखविता करावे. झाडे लावण्याचा छंद असेल तर कचेरीच्या अंगणात चार रोपे लावावीत. वाचनाची आवड असेल तर तिने आपली भाषा सौम्य करावी. आणि एखाद्या दिवशी खुर्ची आणि सदसद्विवेक यांतील एकच ठेवता येईल असा प्रसंग ओढवला, तर काय ठेवावयाचे हे १९५६ च्या जुलै महिन्यात रोह्याच्या एका सुपुत्राने आपणांस दाखवून ठेवले आहे.